वर आग, खाली गारठा

माझ्या नवऱ्याचं तोंड आलं, तेव्हा सुरुवातीला मी लक्षच दिलं नाही. सोलापूरच्या माणसाचं तोंड येतंच. उन्हाळा लागला की जिभेच्या टोकाला एक फोड, गालाच्या आत एक, मग सासूबाईंचा ठरलेला इलाज: सब्जाचं पाणी, गुलकंद, मिरची बंद. आठवडाभरात गडी पुन्हा शेंगाचटणीवर येतो.

या वेळी आला नाही. फोड वाढले, जिभेच्या कडेला एक चांगलाच खोल गेला, आणि तो भरायचं नाव घेईना.

आम्ही तेव्हा सौदीत थुवालला राहत होतो. लाल समुद्राच्या काठावर मोठं विद्यापीठ, आणि त्याच्याच आवारात घरं, शाळा, दवाखाना, दुकान. आवाराबाहेर बाईला गाडी चालवायची परवानगी नव्हती, आत मात्र मी खुशाल चालवत असे. नवरा विद्यापीठाच्या संगणक केंद्रात काम करायचा, पण विद्यापीठाचा माणूस म्हणून नव्हे, एका कंत्राटदार कंपनीकडून. सौदीकरणाची वर्षं होती. प्रत्येक कंपनीला अमुक इतक्या जागांवर सौदी माणसं घ्यायची सक्ती होती आणि ते प्रमाण वाढत चाललं होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं. देश त्यांचा, शिकून बसलेली पोरं त्यांची. पण आवारातल्या भारतीय घरांत संध्याकाळच्या चहाला तोच एक विषय असे: कोण जाणार, कोण राहणार. नवऱ्याच्या हाताखाली तिशीचा एक सौदी अभियंता दिला होता. नवऱ्याचं काम त्यानं शिकून घ्यायचं होतं. पुढे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्यावर बोलत नसत.

अशा दिवसांत आजारी पडायचं नाही, असं आमच्या वस्तीत सगळ्यांनी धरलेलं होतं. आवारातल्या दवाखान्यात गेलं की विमा कंपनीला कळतं, विमा कंपनीकडून ऑफिसला कळतं, आणि पहिला नंबर लागतो तो आजारी माणसाचा. हे कुणी सांगितलं, कुणाचं असं झालं, ते विचारलं तर नाव कुणालाच सांगता येत नसे. तरीही ताप आलेली माणसं गोळ्या घेऊन कामावर जात. माझा नवराही त्यातलाच.

"दवाखान्यात जाऊन ये," मी म्हटलं.

"अगं, उष्णता आहे. बाहेर बघ की किती ऊन आहे."

ऊन होतं खरंच. तिथलं ऊन दमट असतं. दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "वाळवंटातली उष्णता आहे ती, सोलापूरच्या दुप्पट इलाज कर." मी केला. सकाळी सब्जा, दुपारी डब्यात दहीभात आणि काकडी, चार वाजता शहाळ्याच्या पाण्याचा डबा, रात्री कलिंगड, निजताना गुलकंद घालून थंड दूध. तहान लागली की लबान, म्हणजे तिथलं बाटलीतलं ताक. घरात जे जे थंड म्हणून येतं ते सगळं त्या माणसाच्या पोटात गेलं.

मग पोट बिघडलं. सकाळी उठल्या उठल्या पळापळ, खाल्लेलं तसंच्या तसं. सासूबाई म्हणाल्या, "पोटातही उष्णता उतरली." मी कलिंगड वाढवलं.

महिना उलटून गेला असेल. त्याची पॅन्ट कमरेवरून घसरायला लागली. बोलताना तो जीभ एका बाजूला ठेवून बोलायचा, त्यामुळे प्यायलेल्या माणसासारखं वाटायचं, म्हणून त्यानं बोलणंच कमी केलं. जेवायला सहकाऱ्यांबरोबर बसेना. डबा गाडीत बसून खायचा. आणि मला जे दिसत होतं ते त्यालाही दिसत होतं. त्याचे काका तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेनं गेले होते. काका तंबाखू खायचे. नवऱ्यानंही कॉलेजात आणि पुढे बरीच वर्षं खाल्ली होती, सौदीला यायच्या आधी सोडली. त्या आजाराचं नाव आमच्या घरात कुणी काढत नव्हतं. तो आरशासमोर उभा राहून जीभ बाहेर काढायचा, मी आले की दात घासायला लागायचा.

आठवड्यातून एकदा आवारातून जेद्दाला बाजाराची बस जायची. बायका जात. माझ्या शेजारच्या घरात एक चिनी जोडपं होतं. तो रसायनशास्त्रज्ञ. तिच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की ती कुंडीत कांद्याची पात लावते आणि आमच्या मांजरांना हुसकावत नाही. परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. तिनं माझ्या पिशव्यांकडे पाहिलं. कलिंगड, काकड्या, लबानच्या बाटल्या, शहाळ्याच्या पाण्याचे डबे.

"तुमच्या घरी कुणाला आग लागली आहे?" तिनं इंग्रजीत विचारलं.

मी म्हटलं, "नवऱ्याचं तोंड आलंय."

"आणि पोट?"

मी तिच्याकडे बघितलं. पोटाचं मी काहीच बोलले नव्हते.

"पाय गार पडतात का त्याचे?"

आता हे मला सांगता येईना. नवऱ्याचे पाय गार की गरम याकडे लक्ष देण्याचं वय आमचं राहिलं नव्हतं. तेव्हा ती म्हणाली की ती चिनी वैद्यक शिकलेली डॉक्टर आहे. तिच्या शहरात मोठ्या रुग्णालयात काम करत होती. इथे तिला परवाना नाही, त्यामुळे ती इथे डॉक्टर नाही. "शेजारीण आहे," ती म्हणाली. "शेजारणीनं जीभ बघितली तर चालेल का?"

त्याच संध्याकाळी आली. नवऱ्याला मी आधी सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर तो जिममध्ये गेला असता. तिनं त्याला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि जीभ काढायला लावली. बराच वेळ बघत होती. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून गप्प बसली. मग मला म्हणाली, "मोजे काढा."

मी मोजे काढले. पाय हातात घेतले आणि सोडून दिले. फ्रीजमधून काढल्यासारखे होते, ऐन उन्हाळ्यात.

"कामाची जागा कशी आहे?" तिनं विचारलं.

नवऱ्यानं जीभ सांभाळत सांगितलं. मोठ्या दालनात कपाटांसारखी यंत्रं ओळीनं उभी असतात. त्यांना थंड ठेवायला फरशीखालून गार हवा सोडतात, फरशीच्या लाद्यांना त्यासाठी भोकं असतात. ओळीच्या पुढच्या बाजूला उभं राहिलं की पॅन्टच्या पायातून गारठा वर चढतो. मागच्या बाजूला गेलं की यंत्रांचा गरम झोत थेट तोंडावर. दिवसभर पुढून मागे, मागून पुढे. वर डोक्याला ही नोकरीची कटकट.

ती हसली. म्हणाली, "मग जीभ बरोबर सांगते आहे."

तिनं ते मला समजावलं. जिभेचं टोक लाल आहे, तिथे फोड आहेत, ती वरची उष्णता. मुळाशी पांढरा जाड थर आहे, कडेला दातांचे ठसे आहेत, ते पोटातला गारठा. त्यांच्या शास्त्रात हा ओळखीचा आजार आहे: वर आग, खाली गारठा, दोन्ही एकाच माणसात, एकाच वेळी. मधे पोट असतं, त्यानं वरचं खाली आणि खालचं वर न्यायचं असतं. ते पोट थकलं की वरचं वर अडकतं, खालचं खाली.

"तुम्ही आगीवर पाणी ओतताय," ती म्हणाली. "आग वरच्या मजल्यावर आहे. पाणी खाली तळघरात साचतंय."

मला हे पटलंही आणि रागही आला. आमच्याकडे वस्तू उष्ण असते किंवा थंड असते. आंबा उष्ण, पपई उष्ण, ताक थंड, सब्जा थंड. माणसाला उष्णता झाली तर थंड द्यायचं, थंडी झाली तर उष्ण. एकाच माणसाला दोन्ही होतं, आणि मी गेला महिनाभर निगुतीनं त्यातलं एक वाढवत होते, हे ऐकायला बरं वाटत नाही.

"औषध काय?" मी विचारलं.

"औषध मी देणार नाही. आधी याची रक्ततपासणी करा आणि ती कडेची जखम डॉक्टरला दाखवा. जिभेवरून मला पोट कळतं, गाठ कळत नाही."

तिनं तो शब्द असा सहज टाकला. नवऱ्यानं मोजे घालायला घेतले.

ती गेल्यावर मी म्हटलं, "उद्या दवाखाना."

"कंपनीचं नवं कंत्राट ठरेपर्यंत नाही. दोन महिन्यांचा प्रश्न आहे."

"आणि कॅन्सर असला तर?"

घरात तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. तो म्हणाला, "असला तर मग दोन महिन्यांनी काय फरक पडतो?" मी म्हटलं, "इंजिनियर ना तू? यंत्राचा दिवा लाल झाला तर दोन महिने थांबतोस का?" त्यानं टीव्ही लावला.

दवाखान्यात तर नेता येईना. तेव्हा जे माझ्या हातात होतं ते मी केलं. कलिंगड बंद, लबान बंद, फ्रीजचं पाणी बंद. शेजारणीनं सांगितलं होतं की त्यांच्या काढ्यात दोन कडू, थंड मुळ्या असतात आणि त्याच भांड्यात सुंठ असते. कडू वरची आग उतरवतं, सुंठ खाली चूल पेटवते. मुळ्या ती देणार नव्हती, पण स्वयंपाकघरातलं चालेल म्हणाली. मग मऊ भात, त्यात भरपूर आलं घातलेलं मुगाचं वरण. थोडं कारलं, बारीक चिरून, चांगलं शिजवून. सुंठ आणि खारीक उकळलेलं पाणी, कोमट. रात्री गरम पाण्यात पाय. कामावर लोकरीचे मोजे, जे आम्ही कधीतरी काश्मीरला जाताना घेतले होते.

सासूबाईंना फोनवर सुंठ ऐकू आली.

"तोंड आलंय आणि सुंठ देतेस?"

"आई, वर उष्णता आहे, खाली थंडी आहे."

"असं कुठे असतं का? माणूस काय माडीचं घर आहे?"

"चिनी लोकांत असतं."

"आपण चिनी आहोत का?"

मी विषय बदलून सोलापुरात पाणी किती दिवसांनी येतं ते विचारलं. त्या विषयावर त्यांना बोलायला पुष्कळ असतं.

पोट जरा सावरलं. सकाळची पळापळ थांबली. वरचे छोटे फोडही बसायला लागले. पण कडेची ती जखम तशीच होती, आणि मला तीच एक दिसत होती. बाकीचं बरं होतंय म्हणून तो खूश, आणि खूश म्हणून दवाखान्याचा विषय आणखी लांब.

अशात एका दुपारी दारात गाडी थांबली. नवरा उतरला आणि त्याच्यामागून तो सौदी अभियंता. दालनात उभ्या उभ्या नवऱ्याला घेरी आली होती. तो नको म्हणत असताना हा त्याला गाडीत घालून घेऊन आला होता. मी दोघांना बसवून चहा दिला. नवऱ्यानं आत जाऊन तोंड धुतलं. पाहुणा पांढऱ्या थोबमध्ये, त्यांच्या लांब सदऱ्यात, सोफ्याच्या कडेवर अवघडून बसला होता. नवरा परत आल्यावर तो त्याला म्हणाला, "उस्ताज, तुम्ही दोन आठवडे मला फक्त हातानं दाखवताय. हे बटण, ते बटण. बोलत नाही. मी काही चुकलो का?"

तो नवऱ्याला नेहमी उस्ताज म्हणायचा, म्हणजे मास्तर.

नवरा म्हणाला, "तोंड आलंय."

"तर मग डॉक्टरकडे का जात नाही?"

मीच सांगून टाकलं. आमची वस्ती काय समजते, दवाखान्यातली गोष्ट ऑफिसपर्यंत कशी जाते, सगळं. तो ऐकत होता आणि त्याच्या भुवया वर चढत होत्या.

"दवाखान्यातून ऑफिसला?" तो म्हणाला. "मॅडम, माझं पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा ऑफिसला कळवायला मला तीन वेळा जावं लागलं. तरी त्यांना कळलं नव्हतं."

मला हसू आलं. नवऱ्याला आलं नाही.

मग तो अभियंता गंभीर झाला. म्हणाला, "मी तुम्हाला एक सांगतो, हे माझ्यासमोर बोललं गेलं आहे. ज्यांच्याकडून शिकायचं आहे त्यांना ठेवणार आहेत. जो शिकवतो तो राहतो. तुम्ही बोलला नाहीत तर तुम्ही कसे शिकवणार? आणि तुम्ही गेलात तर ते दालन मला एकट्याला खाऊन टाकेल. माझ्यासाठी तरी जा. यल्ला, आत्ता चला, गाडी चालू आहे."

माझ्या बोलण्यानं जे महिनाभरात झालं नव्हतं ते त्यानं अर्ध्या चहात केलं. याचं मला वाईट वाटलं नाही. काम झाल्याशी मतलब.

आवारातल्या दवाखान्यानं आम्हाला जेद्दाच्या रुग्णालयात पाठवलं. तिथली डॉक्टर इजिप्तची होती, जाड चष्मा, घाईची. तिनं जखम पाहिली, तंबाखूचं विचारलं, किती वर्षं ते विचारलं, आणि कडेचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. रक्त घेतलं. मी तिला चिनी शेजारणीचं सांगितलं, वर आग आणि खाली गारठा. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "वर्णन छान आहे. माझ्याकडे त्याची गोळी नाही. पण गरम मोज्यांना आणि आल्याला माझी हरकत नाही."

निकाल यायला आठवडा लागणार होता. त्या आठवड्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी घरातली सगळी कपाटं आवरली. मसाल्यांचे डबे घासले, आपले आणि शेजारणीचेही. तिनं मला अडवलं नाही.

निकालाच्या दिवशी डॉक्टर कागद वाचत होती आणि मी तिच्या भुवया वाचत होते. तिनं मान वर केली. गाठ नाही, म्हणाली. काहीही वाईट नाही. बी-ट्वेल्व आणि लोह फार कमी आहे, शाकाहारी आहात का? पोटाला सूज आहे. जिभेच्या कडेला दाताचं एक टोक सतत घासतंय, म्हणून ती जखम भरत नव्हती. ते टोक दंतवैद्याकडून घासून घ्या. इंजेक्शनं लिहून देते.

दाताचं टोक. एवढ्यासाठी आम्ही मनात सोलापूरला जाऊन काकांना भेटून आलो होतो.

आम्ही पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो. काच तापली होती, सीट तापली होती. त्यानं इंजिन चालू केलं, एसीची पायांवरची हवा बंद करून वरची चालू केली आणि हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. थोड्या वेळानं तो म्हणाला, "काय खायला आहे?"

"मऊ भात."

"खलास. मऊ भात बंद."

"दाताचं टोक घासून घेईपर्यंत चालू," मी म्हटलं. त्यावर तो हसला, आणि हसताना जीभ बाजूला धरायची विसरला, म्हणून कळवळला, आणि पुन्हा हसला.

टोक घासलं गेलं, इंजेक्शनं झाली, मोजे आणि सुंठ मी चालूच ठेवली. जखम भरली. कशानं काय बरं झालं याचा हिशेब मी मांडला नाही. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, "दात डॉक्टरचा, रक्त इंजेक्शनचं, पोट माझं. भांडायचं कशाला?" मग तिनं पुन्हा एकदा त्याची जीभ बघितली आणि मुळाशी थर उतरलाय म्हणून मला दाखवलं. मला तेव्हा खरंच दिसलं. त्याआधी मी जिभेकडे फक्त फोड मोजायला बघत होते.

नोकरी? राहिली. नवरा बोलायला लागला आणि इतका बोलायला लागला की तो सौदी अभियंता एकदा मला म्हणाला, मॅडम, थोडी उष्णता राहू दिली असती तरी चाललं असतं. पुढे काही वर्षांनी ती जागा त्यालाच मिळाली, आणि आम्ही रीतसर, आरोग्याचे कागद हातात घेऊन, नीट निरोप घेऊन परतलो. पण ते नंतर.

जखम भरल्यावरच्या एका शुक्रवारी मी सासूबाईंनी पाठवलेल्या सामानातली कडक भाकरी काढली. ती मी इतके दिवस कपाटाच्या वरच्या फळीवर, त्याच्या नजरेआड ठेवली होती. शेंगाचटणीची बरणीही तशीच न उघडलेली होती. चटणीत तेल घालून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पुरता लाल करून घेतला आणि तोंडात घातला. मी जागेवरून उठले नाही, पण पाण्याचा पेला हातात धरून बसले होते. साधं, माठातलं. तो चावत राहिला. पेला लागला नाही.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"हा कडाकडा आवाज कसला गं?"

"कडक भाकरी खातोय. चटणीशी."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज, आणि मग नेहमीचा.

"बघ. म्हटलं होतं ना मी? सब्जानं उतरतंच."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड भरलेलं होतं.

"हो आई," मी म्हटलं आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.